पिकअपची चासी त्याच जागी पुन्हा पुन्हा सडते आणि चिरते: सापडलेलं कारण, केलेला इलाज

तक्रार अशी होती. मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) पुढचा ब्रॅकेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला, जिथे रिव्हेट केलेला असतो, तिथे डाव्या बाजूला चासीची खालची फ्लँज (सी आकाराच्या चॅनलची आडवी बाजू) गंजून चिरली. वेल्डिंग करून रंग मारला. सात महिन्यांत वेल्डच्या कडेने पुन्हा चीर. मग जाड पत्र्याची पट्टी मारून ती जागा पेटीसारखी बंद केली. पुढचा पावसाळा गेला. पट्टी शाबूत, पण पट्टी जिथे संपते नेमकी तिथेच चासीला तिसरी चीर. या सगळ्या काळात उजवी बाजू जवळपास धडधाकट. गाडी एक, माल तोच, घाट तोच. मग गंज एकाच बाजूला आणि एवढ्याशा जागेतच का?

गाडी माझ्या मावसभावाची, दादाची. हर्णैच्या लिलावातून मासळी उचलायची आणि मंडणगड, महाड, वरंध घाट, भोर असं येऊन पहाटे पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात उतरवायची. वरंध बंद असला तर ताम्हिणीने. आठवड्याला चार खेपा. माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं शेड आहे, म्हणून पहिल्या दोन्ही दुरुस्त्या मीच केल्या, आणि दोन्ही चुकल्या. कशामुळे चुकल्या ते आता नीट कळलंय. तशाच पट्ट्या मारलेल्या गाड्या मला नाशिक रस्त्यावर रोज भरून जाताना दिसतात, म्हणून सविस्तर लिहितोय. चासी तुटते ती भरल्या गाडीत, आणि तेव्हा मागेपुढे कोण चाललेलं असेल ते आपल्या हातात नसतं.

आधी तपासणी नीट करा

गाडीखाली उताणं पडून हातोडी मारणं हे पहिलं काम. वेल्डरची टोकदार चिपिंग हातोडी घ्या आणि पुढून मागे एकेक वीत सोडून ठोकत जा. चांगला पत्रा ठण्ण वाजतो आणि हातोडी उसळून परत येते. सडलेला पत्रा थप्प करतो, हातोडी तिथेच बसते आणि खपल्या डोळ्यात पडतात, म्हणून चष्मा घालाच. आमच्या गाडीला केबिनच्या मागे डाव्या बाजूला दोन हात अंतरात तीनदा आवाज बदलला. वरून रंग काळाकुळकुळीत होता. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

गंजलेला पत्रा तसाच व्हर्नियरने मोजू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे सडलेला पत्रा उलट जाड भरतो. आमच्या डाव्या फ्लँजचं पहिलं माप ५ मिमीच्या वर आलं. दादा म्हणाला, "बघ, उगाच घाबरवत होतास." खपल्या उडवल्या, ग्राइंडरला वायर ब्रश लावून पांढरं लोखंड काढलं आणि पुन्हा मोजलं तर पावणेतीन. दादा काहीच बोलला नाही. मूळ जाडी किती होती ते त्याच गाडीच्या पुढच्या भागात बघावं. इंजिनाच्या आसपास चासी तेलकट असते, तिथला पत्रा बहुतेक वेळा कोरा सापडतो. आमचा ४ मिमी निघाला. म्हणजे सव्वा मिमी, जवळजवळ एक तृतीयांश जाडी, गेली होती. चॅनलचा उभा पत्रा मधोमध मोजायचा असेल तर व्हर्नियर पोचत नाही, त्याला अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज लागतो.

चीर डोळ्यांना दिसते त्यापेक्षा लांब असते. डाय पेनेट्रंटचे स्प्रे वेल्डिंगच्या शेडमध्ये असतातच. लाल मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, स्वच्छ पुसायचा आणि वर पांढरा मारायचा. चिरेत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. आमची दिसत होती ४० मिमी, निघाली ६५. रिव्हेटच्या भोकातून सुरू होऊन ती फ्लँजच्या कडेपर्यंत गेली होती आणि दुसऱ्या टोकाने उभ्या पत्र्यात चढायला लागली होती.

मग चासी सरळ आहे का ते पाहायचं. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करा, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या भोकांमधून ओळंबे सोडा, फरशीवर खडूने खुणा करा, गाडी बाजूला घ्या आणि खुणांचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. मी ५ मिमीच्या फरकापर्यंत काम हातात घेतो, त्यापुढे नाही. ओळंबा नसला तरी एक खूण कुणालाही दिसते, ती म्हणजे केबिन आणि हौद्यामधली फट. आमच्या गाडीला ती खाली दोन बोटं होती आणि वर जेमतेम एक. चासी मधे खचायला लागली की केबिन आणि हौदा एकमेकांकडे झुकतात. ही फट दर महिन्याला बोटांनी मोजायला काहीही खर्च येत नाही.

पाणी कुठून येतं ते शोधा

"पुण्यात कुठे समुद्र आहे?" असं प्रत्येक गाडीवाला म्हणतो. वर्षाला ७००-७५० मिमी पावसाचं हे शहर, उन्हाळ्यात ओठ फुटावेत एवढी कोरडी हवा. पण मासळीची गाडी समुद्र सोबत घेऊन येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बर्फ वितळतो, आणि क्रेटमधलं खारं पाणी, रक्त, खवले सगळं हौद्याच्या तळाला जमतं. पाणी वाळतं, मीठ राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की कोरडं मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याच्या कितीतरी आधी ओलावतात. पावसाळ्यात पुण्याच्या रात्री आणि सकाळी आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस पडो न पडो, चासीवर खारट ओल बसलेलीच.

पण ही ओल डाव्या बाजूलाच का, हा प्रश्न राहिलाच होता. शेडमध्ये मी हौद्यात तीन बादल्या पाणी ओतलं आणि टॉर्च घेऊन खाली पडून राहिलो. पाणी मागच्या फाळक्याकडे गेलं आणि तिथून सरळ जमिनीवर. चासीवर थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच. मी जवळजवळ नाद सोडला होता.

उत्तर धायरीत सापडलं, दादाच्या घरी. त्याची गल्ली उताराची. गाडी रात्री नाक खाली करून उभी राहते, आणि गटाराच्या बाजूला गल्ली आणखी कललेली, म्हणजे डावीकडे. माल उतरवल्यावर हौद्यात उरलेलं पाणी रात्रभर पुढच्या डाव्या कोपऱ्यात साचतं. त्या कोपऱ्यात तळाचा पत्रा आणि समोरची भिंत सलग वेल्ड केलेली नव्हती, टाके टाके मारलेले होते. दोन टाक्यांच्या मधल्या फटीतून पाणी थेंबथेंब खाली. मी गाडीखाली गेलो तेव्हा चासीच्या उभ्या पत्र्यावर पांढऱ्या मिठाचा ओघळ वरपासून खालपर्यंत सरळ दिसत होता, आणि त्या ओघळाच्या पायथ्याशी पाट्यांचा ब्रॅकेट. भोसरीच्या सपाट फरशीवर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून गाडी जिथे मुक्कामाला असते तिथेच तपासा, गॅरेजात नव्हे.

पाणी नुसतं ओघळून गेलं असतं तर इतकं बिघडलं नसतं. हौदा बांधताना चासी आणि हौद्याचे आडवे बीम यांच्यामध्ये लाकडी पट्टी टाकतात. धक्के शोषायला आणि खडखड थांबवायला ती चांगली असते. पण ती स्पंजसारखं पाणी धरते. यू-बोल्ट सैल करून आम्ही ती पट्टी ओढून काढली. काळी पडलेली, भिजलेल्या खारीसारखी मऊ. गाडीला चार दिवस खेप नव्हती, तरी खिळा खुपसला तर पाणी सुटलं. बोट जिभेला लावलं, खारट. तिच्याखाली चासीच्या वरच्या फ्लँजवर गंजाचे पापुद्रे एकावर एक रचलेले, नखाने सुटत होते. तिथून पाणी उभ्या पत्र्यावरून खालच्या फ्लँजवर. सी चॅनलचं तोंड आत असतं, त्यामुळे खालची फ्लँज ताटासारखी होते. त्या ताटात वरंध घाटातली लाल माती दोन बोटं थर होऊन बसलेली, आणि ती मातीही मिठाच्या पाण्याने कायम ओली. ब्रॅकेट आणि चासी यांच्या दोन पत्र्यांमधल्या फटीत तर हवाही पोचत नाही, तिथे गंज सगळ्यात खोल. दोन पत्र्यांच्या मधे गंज फुगतो आणि पाचर मारल्यासारखे पत्रे एकमेकांपासून सारतो. आमचे दोन रिव्हेट असेच ढिले झाले होते.

माझ्या दोन दुरुस्त्या का टिकल्या नाहीत

पहिल्या वेळी मी चीर भरली, पण पाणी येतच राहिलं. शिवाय वेल्डच्या दोन्ही कडांना पत्रा तापून त्याचा मूळ गुण बदलतो आणि कारखान्यातला संरक्षक थर जळून जातो. चासीवर कारखान्यात बुडवून विजेने बसवलेला सीईडीचा थर असतो, साधारण २०-२५ मायक्रॉनचा, केसाहून पातळ. पातळ असला तरी तो कानाकोपऱ्यात पोचलेला असतो. माझा ब्रशचा रंग पोचला नव्हता. आतल्या बाजूला तर मी रंग मारलाच नव्हता, कारण हौदा उतरवायचा कंटाळा केला.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि ती सगळीकडे केली जाते. सी चॅनलची उघडी बाजू पट्टीने बंद केली की जागा मजबूत होते असं वाटतं. होतेही, आणि तीच अडचण. १५० बाय ६५ मापाचा ४ मिमी जाडीचा चॅनल घ्या. त्याला चौथी बाजू लावून पेटी केली तर पिळाला तो तुकडा जवळपास ५०० पट ताठ होतो. नुसता पत्रा थोडा जाड करून एवढा फरक पडत नाही, निव्वळ आकार बंद केल्याचा हा परिणाम आहे. आता गाडी घाटाच्या वळणावर एक चाक वर, एक चाक खाली अशी पिळली जाते, तेव्हा उघड्या चॅनलची चासी सगळ्या लांबीभर थोडी थोडी वळते. ती तशीच बनवलेली असते. मधला दोन फूट तुकडा आपण दगडासारखा केला की तो वळत नाही, आणि त्याच्या वाट्याचं वळणं त्याच्या दोन टोकांशी गोळा होतं. माझी पट्टी तर टोकाला सरळ काटकोनात कापलेली आणि फ्लँजवर आडवी वेल्ड केलेली. चीर तिथेच जायची होती. त्यात भर म्हणजे बंद केलेल्या पेटीत पाणी शिरायला वाट होती आणि निघायला नव्हती.

ताण आणि गंज वेगवेगळे मोजून चालत नाही. चॅनल वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या फ्लँजवर येतो, मधल्या उभ्या पत्र्यावर कमी. गंज नेमका फ्लँजवर. जाडी चाराची तीन झाली तर तिथला ताण एक तृतीयांशाने वाढतो, आणि वेल्डच्या जोडाचं आयुष्य तेवढ्या वाढीनेही निम्म्याखाली येतं. गंजाचा खळगा म्हणजे चिरेला तयार सुरुवात. कोरडं, स्वच्छ पोलाद ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा सोसतं. खाऱ्या ओलीत ही मर्यादाच राहत नाही, कमी ताणानेही चीर हळूहळू वाढत जाते. म्हणून "मी ओव्हरलोड करत नाही, मला भीती नाही" हे म्हणणं मासळीच्या गाडीला लागू पडत नाही. दादा तर करत होता. दीड टनाच्या गाडीत सव्वादोन, आणि ते झेपावं म्हणून दोन जादा पाटे टाकलेले. पाटे कडक केले की खड्ड्याचा दणका पाट्यात न मुरता थेट चासीत जातो. त्याने मालही वाढवला आणि माल सोसणारी गादीही काढून घेतली. मी त्याला हे स्पष्ट सांगितलं. त्यावरून आमची दोन दिवस बोलाचाली बंद होती. तिसऱ्या दिवशी त्यानेच फोन केला, "एक पाटा काढू, पण एकच."

तिसऱ्यांदा काय केलं

वेळ ठरवली मेच्या शेवटच्या आठवड्याची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा दादाची गाडी तशीही उभीच राहते. पण जूनमध्ये काम सुरू केलं तर दमट हवेत ब्लास्टिंग केलेला (दाबाने खडे मारून साफ केलेला) पत्रा तासा-दोन तासांत लालसर होतो आणि प्रायमर धरत नाही. त्यामुळे दोन खेपा बुडवून काम आधीच घेतलं.

हौदा चेनब्लॉकने उचलून बाजूला ठेवला. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, डिझेल टाकी उतरवली, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग सोडवून बाजूला बांधलं. चासी नंबर आमच्या गाडीला उजव्या बाजूला पुढे ठोकलेला आहे. त्यावर ग्रीस आणि जाड टेप. हे विसरू नका. ग्राइंडरने किंवा ब्लास्टिंगने तो नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडीची ओळख पटवताना नाकी नऊ येतील, आणि परस्पर पुन्हा ठोकता येत नाही. मग माझी जुनी पट्टी कापून काढली. गॅसने नव्हे, ग्राइंडरने. चासीचा पत्रा हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा असतो, गॅसची ज्योत लावून लाल केला की ताकद जाते. वाकलेली चासी तापवून सरळ करणारेही आहेत, त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

चिरेच्या उभ्या पत्र्यातल्या टोकाला, डाय पेनेट्रंटने दाखवलेल्या टोकाला, ६ मिमीचं भोक पाडलं म्हणजे चीर पुढे धावणार नाही. चिरेची व्ही खाच करून सीओटू वेल्डिंगने भरली आणि पत्र्याच्या पातळीला घासून सपाट केली. मजबुतीची पट्टी या वेळी चासीच्याच जाडीची, ४ मिमी, त्याच प्रतीच्या पत्र्याची, आणि एल आकाराची: उभ्या पत्र्याला आणि खालच्या फ्लँजला आतून टेकणारी. दोन्ही टोकं तिरकी कापली, म्हणजे ताठपणा एकदम संपत नाही, हळूहळू कमी होतो. ही पट्टी वेल्ड केली नाही. उभ्या पत्र्यात आधीच असलेल्या भोकांमधून आणि ब्रॅकेटच्या जुन्या रिव्हेटच्या भोकांमधून हाय टेन्साइल बोल्टने कसली. फ्लँजमध्ये एकही नवीन भोक पाडलं नाही आणि फ्लँजवर आडवी वेल्ड घातली नाही. एवढे दोन नियम पाळले तरी निम्म्या चुका टळतील. चॅनल उघडाच ठेवला.

पट्टी बसवण्याआधी दोन्ही पत्र्यांना प्रायमर, आणि बसवताना मधे सीलंट. कडांनाही सीलंट. दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरायला जागाच ठेवायची नाही.

लाकडी पट्टी पुन्हा टाकली नाही. तिच्या जागी जाड रबराचे सुटे तुकडे, बीम आहे तिथेच, मधे मोकळी जागा म्हणजे वारा खेळतो आणि पाणी थांबत नाही. यू-बोल्ट कसताना फ्लँज दाबून वाकू नये म्हणून चॅनलच्या आत ठोकळा घालतात, तोही आमच्याकडे लाकडाचाच होता आणि तोही सडलेला. तिथे पोलादी पाइपचे तुकडे घातले, रंग देऊन. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातली टाक्यांची वेल्ड सलग केली, आणि दोन्ही पुढच्या कोपऱ्यांत पाण्याला वाट देऊन खाली नळी लावली. नळी चासीच्याही खाली दोन वीत लोंबते. सगळ्यात जास्त फरक या नळीने पडला असं माझं मत आहे. वेल्डिंगने नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गंजावर थेट काळा डांबरी किंवा रबरी कोट मारणं म्हणजे ओल्या मिठावर झाकण ठेवणं. वरून सहा महिने सुरेख दिसतं, आणि हातोडी मारेपर्यंत आत काय झालंय कळत नाही. आमच्या गाडीवरचा काळाकुळकुळीत थर तोच होता, आणि तो मीच मारलेला. वॉशिंग सेंटरवर जळलं ऑइल किंवा डिझेल मारून देतात. पोलादाला थोडे दिवस त्याचा उपयोग होतो, पण रबरी बुश फुगून खराब होतात, धूळ चिकटून थर बसतो, आणि पहिल्या पावसात ते तेल ओघळून रस्त्यावर, मागच्या दुचाकीवाल्याच्या चाकाखाली.

आधी मीठ धुवायचं. साध्या भरपूर पाण्याने, मग वाळवायचं, मग ब्लास्टिंग. क्रम उलटा केला तर मीठ खळग्यांत ठोकलं जातं. ब्लास्टिंगनंतर त्याच दिवशी झिंकचा एपॉक्सी प्रायमर, कारण झिंकचा उपयोग तो उघड्या लोखंडाला टेकला तरच होतो. रंग सुकताना धारदार कडांवरून मागे सरतो आणि तिथे सगळ्यात पातळ राहतो, म्हणून कडा, भोकं आणि बोल्टची डोकी यांना आधी ब्रशने एक हात, मगच सगळीकडे स्प्रे. वर एपॉक्सीचा एक थर आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग. ब्लास्टिंग जमणार नसेल तर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) चालतो, पण फक्त घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर. खपल्यांवर ओतला तर बाटली वाया. पेटीसारख्या बंद क्रॉस मेंबरमध्ये (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुळईत) रंग पोचत नाही, तिथे लांब नळीने मेणाचा स्प्रे मारतात, आणि त्याआधी तळातलं पाणी निघायचं भोक मातीने बुजलेलं नाही ना ते तारेने बघतात. दादाच्या गाडीत तीनपैकी तीनही बुजलेली होती.

आता रोजचं

माल उतरला की त्याच सकाळी हौदा आणि खालचा भाग नळाच्या पाण्याने धुवायचा. दाबाचा पंप जवळून मारला तर पाणी मीठ घेऊन फटींत घुसतं, त्यापेक्षा साधी नळी आणि दहा मिनिटं जास्त. चॅनलच्या आत हात घालून माती काढायची. आणि धायरीत गाडी आता उलटी लावतो, नाक वर. पाणी फाळक्याकडे जातं. या बदलाला एक रुपया लागला नाही. पहिले काही दिवस शेजाऱ्यांच्या वाटेत गाडीचं तोंड येतं म्हणून वाद झाले, दादाच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, मासळी पाठवून ते मिटवले.

नवीन गाडी घेणाऱ्यांनी विचारलं म्हणून

चासी बंद पेटीची चांगली की उघड्या चॅनलची, हे गाडीचं काम काय त्यावर आहे. पेटीची चासी पिळाला ताठ, गाडी रस्त्यावर स्थिर चालते. पण ती आतून गंजते आणि बाहेरून दिसत नाही. उघडा चॅनल लवचीक, त्यात पाणी साचतं पण दिसतं, हात पोचतो, धुता येतो. मासळी, मीठ किंवा खत वाहायचं असेल तर मी उघड्या चॅनलच्या बाजूने आहे. पेटीचीच घेतली तर पहिल्या आठवड्यात, गाडी कोरी असतानाच, आतून मेण मारून घ्या.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या चासी सडल्या म्हणून २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० सालच्या गाड्यांसाठी वॉरंटी वाढवली आणि बऱ्याच गाड्या परत विकत घेतल्या. पुढच्या पिढीच्या टॅकोमांसह सुमारे १५ लाख गाड्यांबद्दल २०१६ मध्ये कोर्टात तडजोड झाली. त्यात चासी बदलून देण्याची कसोटी होती गंजाने पडलेलं १० मिमी किंवा त्याहून मोठं आरपार भोक. मी ही कसोटी आपल्या गाड्यांना जरा कडक करून लावतो. भोक उभ्या पत्र्यात असेल तर दुरुस्ती. फ्लँजमध्ये आरपार भोक असेल, किंवा पाट्यांच्या ब्रॅकेटशी चासीला घडी पडली असेल, तर पट्टी मारत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जाऊ दे. व्यापारी गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं, पण दोन पासिंगच्या मधे एका पावसाळ्यात पावणेतीनचे दोन मिमी होऊ शकतात. त्यामुळे कागदावर फिटनेस आहे हे मला पुरेसं वाटत नाही.

दादाच्या गाडीला या दुरुस्तीनंतर दोन पावसाळे झाले. ब्रॅकेटपाशी पुन्हा चीर नाही, डाय पेनेट्रंट दोनदा मारून पाहिला. खालच्या फ्लँजचं माप तेवढंच आहे. केबिनची फट जिथे होती तिथेच. गेल्या महिन्यात हातोडी मारताना मात्र स्टेपनीच्या वरच्या क्रॉस मेंबरने थप्प आवाज दिला. तो बंद पेटीचा आहे आणि फाळक्यातून पडणारं पाणी आता त्याच्यावर पडतंय, म्हणजे गाडी उलटी लावून आम्ही पाण्याला नवीन जागा दाखवली. फाळक्याखाली पत्र्याची पन्हळ लावून पाणी बाहेर काढायचं ठरलंय. माप घेतलंय, पत्रा कापायचा बाकी आहे.